कोठडीचे दार आणि स्ट्रासबर्गची समिती

आपल्या हद्दीत कोणाचाही छळ होऊ देणार नाही, असे वचन देणाऱ्या राज्याने ते पाळले की नाही हे कोणी तपासायचे, हा मानवी हक्क कायद्यातील फार अवघड प्रश्न आहे. कारण छळ होतो तो बंद दाराआड, त्याला साक्षीदार असतात ते बहुधा छळ करणारेच, आणि चौकशीची जबाबदारी ज्या सरकारची, आरोप त्याच्याच नोकरांवर असतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८४ च्या छळविरोधी कराराने योजलेला मुख्य उपाय कागदोपत्री आहे: सदस्य देशाने ठरावीक काळाने अहवाल पाठवावा आणि दहा तज्ज्ञांच्या समितीने त्यावर प्रश्न विचारावेत. भारताने या करारावर १९९७ मध्ये स्वाक्षरी केली, पण तो बंधनकारक करणारे अनुमोदन अद्याप दिलेले नाही, त्यामुळे या समितीपुढे जाब देण्याची वेळच भारत सरकारवर येत नाही.

युरोपने यापुढे एक पाऊल टाकले. रेड क्रॉसचे प्रतिनिधी युद्धकैद्यांना भेटतात, तशीच भेट शांततेच्या काळात पोलीस कोठडीतील माणसालाही मिळावी, अशी कल्पना जाँ-जाक गोतिए या स्विस बँकरने १९७० च्या दशकात मांडली आणि तिच्यातूनच १९८७ चा युरोपीय करार आकाराला आला. या कराराने स्ट्रासबर्ग येथे स्थापन झालेल्या समितीत कायदेतज्ज्ञ, डॉक्टर आणि तुरुंग-व्यवस्थेचे जाणकार असतात. आपण येणार एवढे त्यांनी सरकारला कळवायचे असते, मात्र कोणत्या ठाण्यात केव्हा शिरणार हे सांगण्याचे बंधन नसते, आणि कैद्याशी पोलिसांच्या गैरहजेरीत बोलण्याचा त्यांना अधिकार असतो. या मोकळिकीची किंमत म्हणजे गोपनीयता: अहवाल केवळ संबंधित सरकारला मिळतो आणि सरकारने संमती दिली तरच प्रसिद्ध होतो. सरकारने सहकार्य नाकारले किंवा सुधारणांना नकार दिला, तर दोन-तृतीयांश सदस्यांच्या मताने समिती जाहीर निवेदन काढू शकते. याहून कठोर असे कोणतेही साधन तिच्या हाती नाही.

हे साधन प्रथम वापरले गेले ते तुर्कस्तानविरुद्ध, १५ डिसेंबर १९९२ रोजी. त्या वर्षअखेरीच्या भेटीत पथकाने अंकारा पोलीस मुख्यालयाच्या वरच्या मजल्यावर अचानक धडक दिली, तेव्हा ‘मुलाखत कक्ष’ अशी पाटी असलेल्या खोलीत स्ट्रेचरसारखा बुटका पलंग सापडला. त्याला दोन्ही बाजूंना चार-चार पट्टे होते आणि विजेचे झटके देताना आपल्याला जिथे जखडले जाई त्या पलंगाचे कैद्यांनी केलेले वर्णन त्याला तंतोतंत लागू पडत होते. दियारबाकिरमध्ये माणसाला हातांनी टांगण्यासाठी, जड कपाटांवर आडवी ठेवलेली तीन मीटर लांबीची लाकडी तुळई वापरासाठी सज्ज स्थितीत मिळाली. सरकारी अहवालात अशा पलंगाची नोंद कधीच झाली नसती, आणि प्रत्यक्ष पाहणीचे खरे मोल इथेच आहे.

दुसरे निवेदन ६ डिसेंबर १९९६ रोजी निघाले. त्यानंतर बाराच दिवसांनी ‘अक्सॉय विरुद्ध तुर्कस्तान’ या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हात मागे बांधून नग्नावस्थेत टांगण्याला ‘छळ’ ठरवले. एखाद्या राज्यावर असा ठपका त्या न्यायालयाने ठेवण्याची ती पहिलीच वेळ होती. अटकेनंतरचे पहिले तास सर्वांत धोक्याचे असतात आणि म्हणून नातेवाइकाला खबर, वकिलाची भेट व डॉक्टरची तपासणी हे तीन हक्क अगदी सुरुवातीपासून मिळाले पाहिजेत, हा समितीचा आग्रह होता. १९९७ मध्ये तुर्कस्तानने न्यायाधीशापुढे न नेता कोठडीत ठेवण्याची मुदत घटवली. एकट्या समितीला याचे श्रेय देणे योग्य होणार नाही, तरी तिने जमवलेल्या पुराव्यामुळे नकार देणे सरकारला जड गेले हे निश्चित.

मात्र गोपनीयतेचा भार अखेर कैद्यावरच पडतो. जुलै २०१६ च्या फसलेल्या लष्करी उठावानंतर हजारो लोकांना अटक झाली, समितीने त्याच उन्हाळ्यात तुर्कस्तानला भेट दिली, आणि त्या भेटीचा अहवाल पुढे अनेक वर्षे लोकांसमोर आला नाही. ज्यांनी धोका पत्करून निरीक्षकांना हकिकत सांगितली, त्यांच्या शब्दांचे काय झाले हे त्यांच्या कुटुंबीयांनाही कळण्याचा मार्ग नव्हता. विश्वास संपादन करण्यासाठी सुरुवातीला मौन पाळणे समजण्यासारखे आहे, पण सरकार वर्षानुवर्षे तेच दोष कायम ठेवत असेल, तर ते मौन दोषींच्या पथ्यावर पडते. काही युरोपीय देशांनी प्रत्येक अहवाल आपोआप प्रसिद्ध व्हावा अशी संमती आधीच देऊन ठेवली आहे. ही संमती सदस्यत्वाची अट व्हायला हवी.