वजनकाटा आणि निवड समिती



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले जाते, त्या सरांच्या हाताखाली मी याच मैदानावर खेळलो आणि पुढे त्यांच्याच जागेवर सव्वीस वर्षे व्यायामशिक्षक म्हणून काम केले. त्यामुळे संस्थेने बोलावणे धाडले, तेव्हा नकार देणे शक्य नव्हते. विषय मात्र मी माझ्या मनाने निवडला आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट संघ निवडताना एखाद्या स्थूल खेळाडूची शारीरिक क्षमता विचारात घ्यावी काय, आणि घ्यावी तर कोणत्या मापाने घ्यावी? हा प्रश्न वरवर पाहता मुंबईत बसलेल्या निवड समितीचा आहे. तो आपल्या शाळेचाही कसा आहे, हे सांगण्यासाठी प्रथम माझी एक चूक सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आंतरशालेय स्पर्धेसाठी संघ निवडण्याचे काम माझ्याकडे आले. नववीतला एक मुलगा अंगाने चांगलाच भारी होता, परंतु सरळ बॅटने खेळे, आणि चेंडूची दिशा त्याला इतरांच्या आधी कळे. मी त्याचे नाव यादीत लिहिले आणि खोडले. सरांनी यादी पाहून कारण विचारले. मी म्हणालो, “सर, त्याला पळता येणार नाही.” सरांनी एवढेच विचारले, “पळवून पाहिलंत का?” मी पाहिले नव्हते. त्या मुलाकडे बघून मी निर्णय केला होता. त्यानंतर तो मुलगा मैदानावर आला नाही, आणि मीही त्याला बोलावून आणले नाही. सरांच्या त्या तीन शब्दांचे उत्तर शोधण्याचा आज प्रयत्न करणार आहे.

आपण ‘फिटनेस’ हा शब्द सैलपणे वापरतो. त्यात तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली गोष्ट वजन, जे काट्यावर दिसते. दुसरी बांधा, जो डोळ्यांना दिसतो. तिसरी क्षमता, म्हणजे ठरावीक काम ठरावीक वेळ, पुनःपुन्हा आणि इजा न होता करण्याची शक्ती. ही तिसरी गोष्ट काट्यावरही दिसत नाही आणि डोळ्यांनाही दिसत नाही. ती करवून घेऊनच कळते. स्नायू आणि चरबी यांतला भेद वजनकाट्याला कळत नाही. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तरावरून काढलेला निर्देशांकही त्याबाबत तितकाच अज्ञानी असतो.

क्रिकेटच्या इतिहासात स्थूल पुरुषांची परंपरा मोठी आहे. १९२०-२१ साली ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला पाचच्या पाच कसोटींत हरविले, त्या संघाचा कर्णधार वॉरविक आर्मस्ट्राँग चाळिशी ओलांडलेला आणि सव्वाशे किलोंहून अधिक वजनाचा होता. त्या मालिकेत त्याने तीन शतके झळकाविली. श्रीलंकेच्या अर्जुना रणतुंगाने १९९६च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नाबाद ४७ धावा करून विजयी फटकाही स्वतःच मारला. पाकिस्तानच्या इंझमाम-उल-हकने १२० कसोटींत ८,८३० धावा जमविल्या. याच इंझमामने २००३च्या विश्वचषकापूर्वी पुष्कळ वजन उतरविले आणि त्या स्पर्धेत सहा डावांत मिळून केवळ १९ धावा केल्या. एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडता येत नाही हे खरे. तथापि वजन उतरले की खेळ चढतो, हा समजही त्याबरोबरच सिद्धान्त म्हणून टिकत नाही. वेस्ट इंडिजचा रहकीम कॉर्नवॉल सुमारे १४० किलो वजनाचा. त्याने नोव्हेंबर २०१९मध्ये लखनौला अफगाणिस्तानविरुद्ध एका कसोटीत दहा बळी घेतले. बर्म्युडाच्या ड्वेन लेव्हरॉकने २००७च्या विश्वचषकात स्लिपमध्ये एका हाताने घेतलेला रॉबिन उथप्पाचा झेल तर तुम्हांपैकी अनेकांनी दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिलेला असेल.

एवढी नावे घेतल्यावर वजनाचा प्रश्नच निकालात निघाला, असे वाटेल. परंतु तसे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. दुसरी बाजूही तितकीच सबळ आहे.

क्रिकेटमध्ये धावा करणे आणि बळी घेणे यांची नोंद होते. अडविलेल्या धावांची नोंद धावपुस्तकात होत नाही. १९७१ साली ओव्हलवर भारताने इंग्लंडमधला आपला पहिला कसोटी विजय मिळविला. चंद्रशेखरने ३८ धावांत सहा गडी बाद केले हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच डावात एकनाथ सोलकरने फलंदाजाच्या पुढ्यात झेपावून ॲलन नॉटचा जो झेल घेतला, तो सर्वसामान्य क्षेत्ररक्षकाला हाती लागणारा नव्हता. सोलकरने २७ कसोटींत ५३ झेल घेतले. संघातले एक स्थान केवळ क्षेत्ररक्षणाने किती मोलाचे ठरते, याचे हे उदाहरण. तेव्हा मंद हालचालीच्या खेळाडूमुळे प्रत्येक डावात पंधरा-वीस धावा जादा जात असतील, तर त्या त्याच्या नावावर वजा मांडणे न्यायाचेच आहे.

शिवाय खेळ बदलला आहे. दोन्ही टोकांच्या फलंदाजी-रेषांमधले अंतर ५८ फूट, म्हणजे सुमारे १७.७ मीटर. दोन धावा घेताना फलंदाज पूर्ण वेगात जातो, थांबतो, वळतो आणि पुन्हा वेग घेतो. वजन जितके अधिक तितकी ते थांबवायला आणि पुन्हा हलवायला शक्ती अधिक लागते. हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. त्यात कुणाचा अपमान नाही. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय आपटतो, तेव्हा त्याच्या गुडघ्यावर आणि घोट्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. पूर्वी जायबंदी फलंदाजाला दुसऱ्याचे पाय उसने मिळत; धावण्यासाठी ‘रनर’ घेण्याची ती सवलत आंतरराष्ट्रीय सामन्यांत ऑक्टोबर २०११पासून बंद झाली. इंझमाम एकदिवसीय सामन्यांत सुमारे चाळीस वेळा धावबाद झाला, हा त्याच हिशेबाचा दुसरा स्तंभ आहे.

म्हणून ‘धावा करतो ना, मग बाकीचे पाहू नका’ हे म्हणणे मला मान्य नाही. परंतु ‘पाहा’ म्हणताच प्रश्न उभा राहतो तो ‘कसे पाहायचे’ याचा. त्याबाबतीत इंग्लंडच्या कॉलिन मिलबर्नची कथा डोळ्यांत अंजन घालणारी आहे.

मिलबर्नचे वजन सुमारे ११४ किलो. १९६६ साली वेस्ट इंडिजविरुद्ध पहिल्याच कसोटीत त्याने ९४ धावा केल्या. दुसऱ्या कसोटीत लॉर्ड्सवर नाबाद १२६. चार कसोटींत ३१६ धावा झाल्यावर पाचव्या कसोटीत त्याला वगळण्यात आले. त्याची मैदानावरची हालचाल मंद आहे, हे कारण तेव्हा बोलले गेले. वस्तुतः फलंदाजाच्या निकट उभा राहून झेल घेण्यात तो वाकबगार होता. त्याला सीमारेषेवर धावायला लावून नापास करणे, म्हणजे चित्रकलेच्या विद्यार्थ्याचा संगीताचा पेपर तपासण्यासारखे होते. तो संघात येत-जात राहिला. मार्च १९६९मध्ये कराचीला त्याने १३९ धावा केल्या आणि दोनच महिन्यांनी मोटार अपघातात त्याचा डावा डोळा गेला. नऊ कसोटी, सरासरी ४६.७१, आणि तिथेच पूर्णविराम. काही कसोटी त्याला केवळ बांध्यामुळे मुकाव्या लागल्या असतील, तर त्या परत देणे नंतर कुणाच्याच हाती राहिले नाही.

याच्या उलट डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस. तरुणपणी सडपातळ असलेला हा महान फलंदाज उत्तरायुष्यात फार स्थूल झाला. १८९९ साली, पन्नाशी उलटल्यावर, ट्रेंट ब्रिजची कसोटी तो कर्णधार म्हणून खेळला. मैदानात वाकणे-धावणे जमत नाही, हे त्याला स्वतःलाच उमगले होते. पुढच्या निवड बैठकीला सी. बी. फ्राय उशिरा आले. ग्रेसने त्यांना विचारले, मॅक्लॅरनला घ्यावे काय? फ्राय यांनी होकार दिला. त्या होकाराने ग्रेसचेच स्थान जात आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. आपली क्षमता आपणच ओळखून बाजूला होणारा निवडकर्ता विरळा.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतीय मंडळाने २०१७च्या सुमारास ‘यो-यो’ चाचणी लागू केली. डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांनी विकसित केलेल्या या चाचणीत वीस मीटर जायचे, वळून वीस मीटर यायचे, दहा सेकंद विसावा घ्यायचा आणि वाढत्या वेगाने हे चालू ठेवायचे असते. भारतीय संघासाठी आरंभी ठरलेली १६.१ ही पातळी गाठायला एकूण १,१२० मीटर धावावे लागते. वीस मीटर हे अंतर खेळपट्टीच्या लांबीइतकेच आहे. त्यामुळे ही चाचणी क्रिकेटशी अगदीच विसंगत नाही. जून २०१८मध्ये अंबाती रायुडू आणि महंमद शमी दोघेही या चाचणीत अडखळले व संघाबाहेर राहिले. दोघांपैकी एकालाही कुणी स्थूल म्हटले नसते! शमी ऑगस्टमध्ये इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळला, आणि रायुडू सप्टेंबरमध्ये आशिया चषकात परतला. चाचणीचा गुण इथे दिसतो: ती बांधा पाहत नाही, आणि नापास झालेल्याला पुन्हा बसता येते. तिची मर्यादाही इथेच आहे: फिरकी गोलंदाज, यष्टिरक्षक आणि वेगवान गोलंदाज या तिघांना ती एकच प्रश्नपत्रिका देते.

मुंबईच्या सर्फराज खानचे प्रकरण सर्वांच्या स्मरणात असेल. रणजी स्पर्धेत २०१९-२०मध्ये ९२८ आणि २०२१-२२मध्ये ९८२ धावा करूनही जानेवारी २०२३मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटी संघात त्याला स्थान मिळाले नाही. त्याच्या शरीरयष्टीची चर्चा झाली, तेव्हा सुनील गावसकर यांनी, सडपातळ माणसेच हवी असतील तर निवड समितीने फॅशन शोला जावे, असा टोला हाणला होता. पुढे फेब्रुवारी २०२४मध्ये राजकोटला पहिल्या कसोटीत सर्फराजने ६२ आणि नाबाद ६८ धावा केल्या. त्याच वर्षी बंगळूरला न्यूझीलंडविरुद्ध, पहिल्या डावात संघ ४६ धावांत गारद झाला असता, दुसऱ्या डावात त्याने १५० धावा काढल्या. दिवसभर फलंदाजी करणे ही सुद्धा शारीरिक क्षमतेचीच कसोटी नव्हे काय?

शरीराच्या दिसण्यावर भर दिल्याने आणखी एक हानी होते. २००३च्या विश्वचषकाच्या तोंडावर शेन वॉर्न बंदी असलेल्या औषधाच्या चाचणीत सापडला आणि त्याच्यावर वर्षभराची बंदी आली. शरीरातले पाणी उतरविणारी ती गोळी आपण बारीक दिसावे म्हणून घेतल्याचे त्याचे म्हणणे होते. जगातल्या श्रेष्ठ लेगस्पिनरलाही आरशाचे इतके भय वाटत असेल, तर पंधरा वर्षांच्या मुलाचे काय?

या सर्व विवेचनातून मला जे दिसते, ते थोडक्यात असे. शारीरिक क्षमतेचा विचार निवडीत अवश्य व्हावा. वजनाचा स्वतंत्र निकष म्हणून होऊ नये. चाचणी खेळाडूच्या कामाशी जुळणारी असावी. ती आधी जाहीर व्हावी, कर्णधाराला आणि नवख्याला सारखी लागू व्हावी, आणि नापास झालेल्यास सुधारणेचा अवधी मिळावा. मात्र अवधी देऊनही काम जमत नसेल, तर नाव कितीही मोठे असले तरी ते गाळण्याचे धैर्य निवड समितीत असावे.

आपण इंदूरकर कर्नल सी. के. नायडूंचे वारसदार म्हणवतो. त्यांनी वयाची साठी उलटल्यावर, १९५६-५७च्या मोसमात, उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले. जन्मतारीख पाहून कुणी त्यांना घरी बसविले असते, तर ते शक्य नव्हते. चंद्रशेखरचा उजवा हात बालपणीच्या पोलिओने दुर्बळ झालेला होता. त्या हाताने २४२ कसोटी बळी घेतले. मन्सूर अली खान पतौडी एका डोळ्याची दृष्टी गमावल्यावर एकविसाव्या वर्षी भारताचे कर्णधार झाले. यांपैकी कुणाचेही शरीर तक्त्यात बसणारे नव्हते. त्यांना खेळवून पाहणारी माणसे भेटली, म्हणून ते आपल्याला मिळाले.

सरांच्या त्या प्रश्नानंतर मी एक वही घातली. दरवर्षी संघनिवडीपूर्वी प्रत्येक मुलाला तीन धावा पळवायच्या, घड्याळ लावायचे आणि आकडा लिहायचा. माझ्या नजरेचा अंदाज त्या वहीने कितीदा खोटा ठरविला! कधी बारीक मुलगा दुसऱ्याच धावेला धापा टाकी आणि गुटगुटीत मुलगा वळताना वेळ वाचवी. कधी माझा अंदाज खराही ठरे, तेव्हा त्या मुलाला आकडा दाखवून मी सांगत असे, “महिन्याने पुन्हा पळू.” त्यात त्याला अपमान वाटत नसे, कारण समोर आकडा असे, टोपणनाव नसे.

त्या पहिल्या मुलाला मात्र मी तो आकडा कधी दाखविला नाही. तो वेगवान निघाला असता की मंद, हे मला आजही ठाऊक नाही, आणि माझी चूक नेमकी हीच आहे. येथे बसलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, पुढच्या महिन्यात शाळेचा संघ निवडाल तेव्हा कुणाचेही नाव खोडण्यापूर्वी त्याला एकदा पळवून पाहा. माझी ती वही मी आज संस्थेच्या स्वाधीन करीत आहे. तिची बरीच पाने अजून कोरी आहेत.