उणे 8 फूट

मुंबईहून अ‍ॅमस्टरडॅमला जाणाऱ्यांपैकी अनेकांनी पोल्डरबान पाहिली आहे, नाव ठाऊक नसले तरी. स्किपोल विमानतळाची ही धावपट्टी टर्मिनलपासून इतकी लांब आहे की, उतरल्यावर विमान महामार्गावरचा पूल ओलांडून कितीतरी वेळ जमिनीवरून चालतच राहते. 25 फेब्रुवारी 2009 च्या सकाळी इस्तंबूलहून आलेले टर्किश एअरलाइन्सचे बोइंग 737-800 याच धावपट्टीच्या दीडेक किलोमीटर अलीकडे एका शेतात कोसळले. विमानात 135 जण होते. 9 दगावले, त्यांत कॉकपिटमधले तिन्ही वैमानिक होते. इंजिने धड होती. हवा ढगाळ होती, पण उतरता येऊ नये अशी नव्हती. मग विमान पडले कसे?

सुरुवात उंची मोजण्यापासून करू. विमान उंची दोन रीतींनी मोजते. एक, हवेच्या दाबावरून. ही उंची समुद्रसपाटीच्या हिशेबाने येते. दुसरी रीत रेडिओ अल्टिमीटरची. तो खाली लहरी सोडतो, त्या जमिनीवर आपटून परत यायला किती वेळ लागला ते पाहतो आणि थेट पोटाखालच्या जमिनीपर्यंतचे अंतर सांगतो. अगदी शेवटच्या टप्प्यात विमानाला हाच आकडा लागतो. 737 मध्ये असे दोन अल्टिमीटर असतात, डावा आणि उजवा. त्या दिवशी डावा बिघडला होता. विमान 2000 फुटांच्या आसपास असताना तो उणे 8 फूट दाखवत होता. स्किपोल समुद्रसपाटीखाली आहे म्हणून हा उणे आकडा आला असेल, अशी शंका कुणाला येईल. पण या यंत्राला समुद्राशी काही देणेघेणे नाही. त्याच्या लेखी विमान केव्हाच जमिनीवर टेकले होते.

आता गाडी अडते ती पुढच्या जोडणीत. विमान सहवैमानिक उजव्या खुर्चीतून चालवत होता आणि उजव्या बाजूचा ऑटोपायलट उजव्या, म्हणजे बरोबर अल्टिमीटरवर चालला होता. पण इंजिनांचा जोर कमीजास्त करणारा ऑटोथ्रॉटल आकडा घेत होता डाव्याकडून. उंची 27 फुटांच्या खाली आली आणि पंखांचे फ्लॅप पुरेसे उघडलेले असले की ऑटोथ्रॉटलने समजायचे, आता टेकायची वेळ झाली, आणि इंजिने मंद करायची, अशी त्याची रचना. उणे 8 हा आकडा 27 पेक्षा कमीच. त्याने इंजिने मंद केली. पडद्यावर ‘रिटार्ड’ ही छोटी अक्षरे उमटली, पण तोच शब्द इतर वेळीही, काहीही बिघडलेले नसताना, दिसतो.

तिघांच्या हे लक्षात का आले नाही? नियंत्रण कक्षाने विमानाला धावपट्टीच्या रेषेत आणले ते जेमतेम साडेपाच सागरी मैलांवर. तिथे उतरणीचा ठरलेला मार्ग 1750 फुटांच्या आसपास असतो आणि विमान होते 2000 वर. म्हणजे मार्ग वरून गाठायचा, त्यासाठी उंचीही घालवायची आणि वेगही. अशा वेळी इंजिने मंद असणे हेच अपेक्षित. बिघाडाने नेमके तेच केले, जे वैमानिकांना त्या घडीला हवे होते. या अपघातातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे: चुकीचे काम बरोबर कामासारखे दिसत होते.

750 फुटांच्या आसपास वेग ठरलेल्या 144 नॉटवर आला. इथे इंजिनांनी पुन्हा जोर धरायला हवा होता. तो धरला नाही. ऑटोपायलट मार्ग सोडू नये म्हणून नाक थोडे थोडे वर उचलत राहिला, त्यामुळे वेग आणखी पडला. त्या वीसेक सेकंदांत कॉकपिटमध्ये उतरण्यापूर्वीची चेकलिस्ट चालू होती. ती खरे तर 1000 फुटांवर येण्याआधी संपायला हवी होती. संपली नाही तर उतरणे सोडून पुन्हा वर जायचे, असा कंपनीचाच नियम होता.

या उड्डाणात माणसांची मांडणीही निराळी होती. सहवैमानिक प्रशिक्षणात होता. कॅप्टन त्याचा शिक्षकही होता, देखरेखही त्याच्याकडेच. मागे बसलेल्या तिसऱ्याचे काम केवळ लक्ष ठेवणे. या सगळ्याआधी चाके खाली नसल्याचा इशारा अवेळी वाजला तेव्हा कॅप्टनने रेडिओ अल्टिमीटरचे नाव घेतले होते. म्हणजे दोष त्याला कळला होता. पण या दोषामुळे पुढे काय होईल, हे कुणी कुणाला सांगितले नाही. सांगणार तरी कसे? डावा अल्टिमीटर बिघडला की ऑटोथ्रॉटल बहकतो, ही जोडणी वैमानिकांच्या पुस्तकांत उलगडून दिलेलीच नव्हती. ज्याची माहिती नाही, ते माणूस बोलून दाखवू शकत नाही.

460 फुटांवर हातातला दांडा थरथरू लागला. विमान स्टॉल होत असल्याचा, म्हणजे पंख त्याला तोलेनासे होत असल्याचा, तो इशारा. सहवैमानिकाने थ्रॉटल पुढे ढकलला. त्याच क्षणी कॅप्टनने ताबा घेतला, सहवैमानिकाने हात काढला आणि अजून चालूच असलेल्या ऑटोथ्रॉटलने थ्रॉटल परत मागे ओढला. तो पूर्ण पुढे जाईपर्यंत नऊ सेकंद गेले होते. त्या उंचीवर सावरायला तेवढी जागा नसते.

डच सुरक्षा मंडळाचा अहवाल 2010 मध्ये आला. त्यात अल्टिमीटरचा दोष आणि विमानाची रचना नोंदली होती, पण वैमानिकांनी वेगाकडे पाहिले नाही यावरही बोट होते. मंडळाने मानवी चुकांचे अभ्यासक सिडनी डेकर यांच्याकडून वेगळा अभ्यास करून घेतला होता. तो उघड झाला थेट जानेवारी 2020 मध्ये. वैमानिकांकडे पुरेशी माहितीच नव्हती, यावर त्यात भर होता. दोन्ही अल्टिमीटरचे आकडे ताडून पाहणारी सुधारणा बोइंगने नव्या 737 विमानांत अपघाताआधीच आणली होती. या विमानाच्या संगणकात ती बसत नव्हती. डेकर यांचा अभ्यास उघड होईपर्यंत 737 मॅक्सचे दोन अपघात होऊन 346 माणसे गेली होती. तिथेही एकाच सेन्सरच्या आकड्यावर विसंबलेली यंत्रणा होती आणि वैमानिकांना तिची नीट ओळख करून दिलेली नव्हती.