अपमान मोजणारे नऊ प्रश्न

फेब्रुवारी २००८मध्ये नाशिक रोड स्टेशनवर गावी निघालेल्या उत्तर भारतीय कामगारांची झुंबड उडाली होती. परप्रांतीयांवर हल्ले सुरू झाले आणि हजारो जण मिळेल त्या गाडीत चढले. त्या हल्ल्यांच्या बातम्या झाल्या. सत्तरीच्या भाजीवाल्याला ‘ए भय्या’ म्हणून एकेरीत हाक मारली जाते, त्याची बातमी कधीच होत नाही.

पण त्याची मोजणी होऊ शकते! अमेरिकेत डेव्हिड विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली नऊ साधे प्रश्न मांडले. लोक तुमच्याशी कमी आदरानं वागतात का? दुकानात तुम्हाला इतरांपेक्षा वाईट वागवतात का? तुम्हाला अक्कल नाही असं धरून चालतात का? आणि असं किती वेळा होतं? मारहाणीबद्दल त्यात एक अक्षर नाही. तरीही ज्यांच्या बाबतीत असं वारंवार होतं, त्यांच्यात नैराश्य जास्त आढळतं.

अमेरिकेतल्या वृद्ध कोरियन स्थलांतरितांवर या अंगानं बरंच काम झालं आहे. त्यातले अनेक जण मुलांमागोमाग उतारवयात तिथे गेले; इंग्रजी जेमतेम, दवाखान्यात दुभाषी म्हणून नातवंड. गिळलेला राग छातीत आग आणि पोटाच्या वरच्या भागात गोळा होऊन बसतो, अशा तक्रारींच्या आजाराला कोरियात ‘ह्वाब्युंग’ म्हणतात. म्हणजे हे वृद्ध मनाचं दुखणं शरीराच्या भाषेत सांगतात. आपल्याकडचे म्हातारेही ‘जीव घाबरतो’, ‘झोप नाही’ एवढंच सांगतात की!

डावललं जाणं मेंदू किती गंभीरपणे घेतो, हे २००३च्या एका प्रयोगात दिसलं. नाओमी आयझेनबर्गर यांनी माणसांना पडद्यावर चेंडूफेकीचा खेळ दिला. इतर दोन ‘खेळाडू’ चेंडू देईनासे झाले, तेव्हा शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडलेला मेंदूचा एक भाग जागा झाला. थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. तांत्रिक बिघाडामुळे तुम्हाला खेळात घेता येत नाही, असं आधी सांगितलं होतं, तेव्हाही तो भाग जागा झालाच. मग जिथे कारण बिघाड नसून आपली बोली आहे, तिथे चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचं काय होत असेल?

नाशिक रोडच्या बिटको रुग्णालयात रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला येणाऱ्या बलिया-आझमगढच्या म्हाताऱ्यांना हे नऊ प्रश्न भोजपुरीत विचारायला हवेत. पाच मिनिटांचं काम आहे, आणि विचारणाऱ्यानं त्यांना ‘आप’ म्हणायला हवं.