अश्वशक्तीचा आकडा येतो कुठून?

'कार्य, शक्ती आणि ऊर्जा' हे प्रकरण शिकवताना 'एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट' असे आपण फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. मग मागच्या बाकावरून एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, आमच्या मोटारसायकलच्या पत्रकात आठ पीएस लिहिलंय. ते मोजलं कुणी?" प्रश्न रास्त आहे. हा आकडा केवळ जाहिरातीसाठी नसतो. गाडीच्या नोंदणीच्या अर्जातही अश्वशक्तीचा रकाना असतो.

आधी एककांचा गोंधळ दूर करू. जेम्स वॅटने ठरवलेली अश्वशक्ती ७४५.७ वॅट भरते. युरोपात रूढ झालेली मेट्रिक अश्वशक्ती, म्हणजेच पीएस, म्हणजे ७५ किलोग्रॅम वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याची शक्ती. ती ७३५.५ वॅट भरते. त्यामुळे तेच इंजिन पीएसमध्ये किंचित 'मोठे' दिसते. किलोवॅट वापरले की हा घोळच उरत नाही.

आता मोजणीकडे वळू. शक्ती थेट मोजता येत नाही. इंजिनाचा पीळ म्हणजे टॉर्क आणि फेऱ्यांचा वेग मोजून ती काढावी लागते. फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने १८२१ मध्ये यासाठी एक सोपी युक्ती काढली. फिरत्या चाकाला लाकडी ठोकळ्यांनी आवळायचे, ठोकळ्यांना एक लांब दांडा जोडायचा आणि तो दांडा चाकाबरोबर फिरू नये म्हणून टोकाला किती वजन लावावे लागते ते पाहायचे. वजनाचे बल गुणिले दांड्याची लांबी म्हणजे टॉर्क. 'ब्रेक हॉर्सपॉवर' या शब्दातला ब्रेक तो हाच. आजच्या डायनॅमोमीटरमध्ये ठोकळ्यांऐवजी पाणी किंवा भोवरी विद्युतप्रवाह इंजिनाला रोखतात. तत्त्व मात्र तेच आहे.

सूत्र असे: शक्ती = २π × मिनिटाला फेरे × टॉर्क ÷ ६०.

समजा, १०० घन सेंटिमीटरचे एक इंजिन मिनिटाला ५००० फेऱ्यांवर ८ न्यूटन-मीटर टॉर्क देते. शक्ती झाली सुमारे ४.१९ किलोवॅट. ८००० फेऱ्यांवर टॉर्क ७ वर उतरतो, पण शक्ती ५.८६ किलोवॅट होते. टॉर्क घटला तरी फेरे त्याहून जास्त प्रमाणात वाढले. म्हणूनच पत्रकात टॉर्क आणि शक्तीपुढे फेऱ्यांचे वेगवेगळे आकडे दिलेले असतात.

इथे तीन प्रश्न उभे राहतात. पहिला, मोजायचे कुठे? मोटारसायकलचे इंजिन आणि गिअरबॉक्स बहुधा एकाच कवचात असतात. त्यामुळे मोजणी गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या दांड्यावर करावी लागली, तर दात्यांच्या घर्षणात गेलेली शक्ती हिशेबात परत मिळवतात. युरोपीय नियमांत सरळ दात्यांच्या प्रत्येक जोडीची कार्यक्षमता ०.९८ धरतात. दोन जोड्या असतील तर ०.९८ × ०.९८ = ०.९६. मागच्या चाकाशी मोजले तर साखळी आणि टायरही आपला वाटा घेतात. म्हणून गॅरेजमधल्या रोलरवर निघालेला आकडा पत्रकापेक्षा कमी आला, तर कंपनीने फसवले असे लगेच म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न, इंजिनावर काय काय चढवून मोजायचे? एअर फिल्टर आणि सायलेन्सर काढून ठेवले तर आकडा फुगतो. म्हणून गाडी रस्त्यावर धावताना जी साधने लागतात, ती सगळी जोडूनच मोजतात. हिला निव्वळ शक्ती म्हणतात.

तिसरा प्रश्न, हवा कोणती? हवा विरळ असली की सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी जातो. प्रमाण स्थिती म्हणून कोरड्या हवेचा दाब ९९ किलोपास्कल आणि तापमान २५ अंश सेल्सिअस, म्हणजे २९८ केल्व्हिन, धरतात. पेट्रोल इंजिनासाठी सुधारणेचा गुणक असा: (९९ ÷ दाब) चा १.२ वा घात × (तापमान ÷ २९८) चा ०.६ वा घात. पुण्यासारख्या उंचीवर दाब ९४ आणि तापमान २५ अंश असेल, तर गुणक १.०६४ येतो. मोजलेले ५.५१ किलोवॅट मग ५.८६ होतात. तापमान ३० अंश झाले की गुणक १.०७५ होतो. पण ०.९३ ते १.०७ हीच त्याची मान्य मर्यादा आहे! प्रयोगशाळेत हवेचे तापमान का सांभाळावे लागते, ते यावरून कळते.

हा आकडा सरकारदरबारी जातो कसा? उत्पादक तो घोषित करतो, पण त्याच्या शब्दावर काम भागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ प्रमाणे गाडीचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडे तपासावा लागतो. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय, ही त्यांपैकी एक. तपासणीत घोषित आणि मोजलेला आकडा ठरलेल्या मर्यादेत जुळावा लागतो. पुढे कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांचीही नमुना तपासणी होते.

पेट्रोलच्या दुचाकीचा तृतीय पक्ष विम्याचा हप्ता घनक्षमतेवर ठरतो. विजेच्या दुचाकीला घनक्षमताच नाही. तिथे किलोवॅट पाहतात. पण मोटर काही सेकंद आपल्या क्षमतेच्या कितीतरी पट शक्ती देऊ शकते. मग वेटोळी तापतात. म्हणून ती सलग तीस मिनिटे किती शक्ती देऊ शकते, ते मोजतात. ही शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरीखेरीज वजन ६० किलोपर्यंत असल्याचे तपासणीत सिद्ध झाले, तरच ते वाहन 'मोटार वाहन' ठरत नाही. त्याला नोंदणी नको आणि चालकाला परवानाही नको.

आपले अनेक विद्यार्थी अशा स्कूटरवर शाळेत येतात. कागद खरा आहे का, हे त्यांना गणिताने पडताळता येते. हवेच्या रोधावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. ताशी २५ वरून ४० वर जाताना ती चौपट होते. सपाट रस्त्यावर स्वार घेऊन बराच वेळ ताशी ४० ने धावणारी स्कूटर २५० वॅटची असणे शक्य नाही, आणि वेगाची अट तर तिने आधीच मोडलेली असते. अशा गाडीला अपघात झाला, तर हाती ना नोंदणी असते, ना विमा. हे गणित फळ्यावर जरूर करून घ्यावे.