फरशीच्या आधी फरशीखालचं बघा

आम्ही चांदीपच्या बचत गटातल्या बायका. आज बोलायचं आहे ते पायाखालच्या जमिनीबद्दल.

आपल्याकडे तळघर कोणी मुद्दाम बांधत नाही, पण तळघरं तयार होतात. दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर पडतो, रस्ता उंच होतो आणि घर खाली राहतं. पूर्वी एक पायरी चढून आत जायचो, आता एक पायरी उतरून जावं लागतं. आमच्या गटाची माल ठेवायची खोली अशीच. जुना कोबा पावसाळ्यात ओला व्हायचा, म्हणून गटातून कर्ज काढून त्यावरच गुळगुळीत चकचकीत टाइल्स बसवल्या. श्रावणात नाचणीच्या पिठाच्या गोणी खालून गच्च झाल्या, पापडांना बुरशी आली. माल फेकला, पण कर्जाचा हप्ता काही थांबला नाही.

चूक मिस्त्रीची नव्हती, आमचीच. आम्ही फक्त रंग आणि भाव विचारला. पाणी येतं कुठून, हे विचारलंच नाही.

दिव्याची वात जसं तेल वर ओढते, तशी माती आणि कोबा जमिनीतलं पाणी वर ओढतात. टाइल्सच्या सांध्यांतून ते बाहेर येतं, कडेला पांढरा खार फुटतो. दुसरी ओल हवेतली असते. दमट हवा गार फरशीला लागली की फरशीला घाम फुटतो. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून आधी परीक्षा करा. दोन फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक जमिनीवर पसरा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या खाली थेंब दिसले तर पाणी जमिनीतलं. खाली कोरडं आणि वर ओलं असेल तर हवेतलं. तिथे फोडाफोड नको, खिडकी आणि वारा हवा. ही परीक्षा ऐन पावसात, आषाढातच करा. उन्हाळ्यात सगळ्याच जमिनी कोरड्या वाटतात.

पाणी जमिनीतलं निघालं, तरी पहिलं काम खोलीच्या बाहेर. पागोळ्या भिंतीलगत पडत असतील तर पन्हळ लावून पाणी लांब सोडा. भिंतीबाहेरची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती करा, गटार साफ ठेवा. बाहेर डबकं असेल तर आतली महाग फरशीही हरते.

मग आतलं काम. होळीनंतर सुरू करून पावसाआधी संपवा. जुना कोबा काढून चिखलमाती उपसायची. भरावाला मुरूम घ्या. काळी माती नको, ती पाण्याने फुगते आणि उन्हात तडकते. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी टाकून पाणी मारायचं आणि धुमसाने ठोकायचं. एकदम फूटभर भरून वरवर ठोकलं, तर पुढे फरशी खचते.

त्यावर दगडांचं सोलिंग, सहा ते नऊ इंच, फटींत बारीक खडी. दगडांमधल्या पोकळीतून पाणी मातीसारखं वर चढत नाही. सोलिंगवर वाळूचा पातळ थर, म्हणजे दगडाचं टोक प्लास्टिकला लागणार नाही. मग जाड प्लास्टिक, २५० मायक्रॉनचं. दोन तुकडे एकमेकांवर निदान सहा इंच चढवा, कडा भिंतीवर वळवा. यावर चार इंच काँक्रीट: एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी. दाराकडे थोडा उतार ठेवा. आठवडाभर पाणी मारा, नंतर पुरतं सुकू द्या. टाइल्स, कोटा किंवा शहाबादी लादी, जे परवडेल ते त्यानंतर. माल ठेवायच्या खोलीत खरबरीत फरशी बरी, पाय घसरत नाही.

दोन गोष्टी जपून. भिंतीच्या पायापर्यंत खोल खणू नका. खणायचंच असेल तर जाणकार माणसाला आधी दाखवा. आणि खालून अडवलेली ओल भिंतीकडे वळू शकते, म्हणून भिंतीचा खालचा भागही त्याच वेळी तपासा.

खोली भाड्याची असेल किंवा इतका पैसा नसेल, तर गोणी जमिनीवर ठेवूच नका. प्लास्टिकच्या जाळीदार पाटांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा, खालून-मागून वारा फिरू द्या. लाकडी फळ्या ओल्या जमिनीवर टाकू नका, वाळवी लागते. गेला पावसाळा आम्ही असाच काढला. जमीन ओलीच होती, पण पीठ वाचलं.

येत्या फाल्गुनात आमची फरशी उखडायची ठरली आहे. बैठकीत वाद झाला. एक काकी म्हणाल्या, "जमिनीखाली पुरायला पैसे कशाला? दिसणार कोणाला?" तेव्हा शेजारच्या ताईंनी फेकलेल्या पापडांचा हिशेब वहीतून वाचून दाखवला. काकींनीच मग साध्या लादीला हात वर केला. उरलेला पैसा सोलिंग आणि प्लास्टिकला.

तुमच्या घरी मिस्त्री आला, तर तो घरच्या पुरुषांशी बोलेल. तुम्ही चहा ठेवून आत जाऊ नका. तिथेच बसा आणि तीन प्रश्न विचारा: पाणी कुठून येतंय? खाली काय काय थर घालणार? काँक्रीटला किती दिवस पाणी मारणार? उत्तरं वहीत लिहून घ्या, भाव त्यानंतर ठरवा.