खानदेशातली अभिव्यक्ती आणि तिच्या मर्यादा : १९३० ते २०२४

इंग्रजी राजवटीत खानदेशात बोलण्यालिहिण्याची सीमा सरकार ठरवत असे आणि ती ओलांडणाऱ्याची रवानगी बहुधा धुळ्याच्या तुरुंगात होई. राजद्रोहाचं १२४ अ हे कलम १८७० पासून दंडविधानात होतंच. १९३१ च्या कायद्याने छापखान्याकडून जामीन घेण्याचे आणि तो जप्त करण्याचे अधिकारही सरकारच्या हाती आले.

या काळातलं सर्वात बोलकं उदाहरण साने गुरुजींचं. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ पासून शिकवताना ते वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' काढत. रात्री जागून हाताने लिहिलेला अंक मुलांना सकाळी वाचायला मिळे. १९३० मध्ये नोकरी सोडून ते कायदेभंगात उतरले. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात असताना विनोबा भावेही तिथेच होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर विनोबांची अठरा प्रवचनं झाली. गुरुजींनी ती उतरून घेतली, म्हणूनच 'गीता प्रवचने' आज वाचायला मिळतात. गीतेवर बोलायला कोठडीतही मज्जाव नव्हता. देशावर लिहिलेलं मात्र तुरुंगाबाहेरही खपवून घेतलं गेलं नाही. गुरुजींचा 'पत्री' हा काव्यसंग्रह १९३५ मध्ये निघाला आणि सरकारने त्याच्या प्रती जप्त केल्या. तरीही १९३८ च्या एप्रिलमध्ये त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' हे साप्ताहिक सुरू केलं.

दरम्यान १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. अध्यक्षस्थानी जवाहरलाल नेहरू होते. त्यांच्याच पुढाकाराने त्या वर्षी मुंबईत नागरी स्वातंत्र्यासाठी देशव्यापी संघ स्थापन झाला होता. सहा वर्षांनी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, तेव्हाच्या पश्चिम खानदेशातल्या नंदुरबारमध्ये तिरंगा घेऊन घोषणा देत निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. त्यात शाळकरी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथी मारले गेले.

१९५० च्या राज्यघटनेने अनुच्छेद १९ मध्ये भाषणस्वातंत्र्याचा हक्क दिला. लगेच पुढच्या वर्षी पहिल्या दुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्याला चिथावणी ही निर्बंधांची कारणं त्यात घातली, मात्र निर्बंध 'वाजवी' असावेत ही अटही जोडली. खानदेशापुढचा प्रश्न तरीही वेगळा होता: हक्क मिळाला, पण बोलायला जागा कुणाला? १९७० नंतर शहाद्याच्या परिसरात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्याभोवती भिल्ल शेतमजूर एकवटले. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. त्याच चळवळीतले कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता आदिवासींचं दुःख इतरांनी व्यासपीठावरून सांगण्याबद्दल आहे. अभिव्यक्तीच्या चर्चेत बंदी आणि जप्तीची नोंद होते, पण ज्याला माइकच मिळाला नाही त्याची होत नाही. १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष शंकरराव खरात होते. दलित लेखकाला तिथवर पोचायला किती दशकं लागली, हे संमेलनाध्यक्षांची यादी चाळली की कळतं.

पुढे आक्षेप सरकारऐवजी समाजाकडून येऊ लागले. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू' ही कादंबरी २०१० मध्ये आली. दशकभरानंतर, २०२१ मध्ये, तिच्यातल्या लमाण स्त्रियांविषयीच्या मजकुरावरून जामनेर पोलिसांत तक्रार झाली. लमाण म्हणजेच बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. पिढ्यान्‌पिढ्या संशयाचा शिक्का सोसलेल्यांचा राग किरकोळ म्हणता येत नाही. पण कादंबरीतल्या मजकुराला उत्तर टीकेने, लेखनाने, निषेधाने देता येतं. लेखक समोर असतो, त्याचं नाव मुखपृष्ठावर असतं. पोलीस ठाण्याची पायरी तिथे अनाठायी ठरते.

लेखक समोर नसतो तेव्हा काय होतं, हे त्याआधीच साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याने दाखवलं होतं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशा मजकुराच्या चित्रफिती तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगाव पोचल्या होत्या. त्यांतली एक कराचीतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या जनजागृतीच्या फितीची काटछाट होती. १ जुलै २०१८ हा रविवार, गावच्या बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे पाच जण तिथे आले. संशयावरून जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि तिथेच मरेस्तोवर मारलं. तेही भटक्या जमातीचेच होते. ज्याची ओळख पटवणारं गावात कुणी नाही, त्याच्यावर अफवा आधी कोसळते.

या घटनेच्या तीन वर्षं आधी, २०१५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ कलम रद्द केलं होतं. चर्चा, समर्थन आणि चिथावणी यांत फरक करून, निर्बंध चिथावणीपाशी सुरू होतात असं न्यायालयाने म्हटलं. ही रेषा योग्यच आहे. राईनपाड्यात मात्र ती अपुरी पडली, कारण चित्रफीत पुढे पाठवणाऱ्या अनेकांच्या मते ते शेजाऱ्यांना सावध करत होते. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. बोलणाऱ्याला हात न लावता प्रसाराचा वेग कमी करणारा हा उपाय होता.

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरात एकाच वेळी अखिल भारतीय आणि विद्रोही अशी दोन्ही साहित्य संमेलनं भरली. पहिल्याचे अध्यक्ष रवींद्र शोभणे होते, दुसऱ्याचे वासुदेव मुलाटे. त्याच वर्षी १ जुलैला, राईनपाड्याच्या घटनेला सहा वर्षं झाली त्या दिवशी, भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, जमात, भाषा अशा कारणांवरून केलेल्या खुनासाठी वेगळी तरतूद आहे. अफवेविषयीच्या ३५३ व्या कलमात इलेक्ट्रॉनिक माध्यमांचाही उल्लेख आहे. मात्र मजकूर खरा आहे असं मानायला वाजवी कारण असेल आणि तो दुष्ट हेतूविना, सद्भावनेने पसरवला असेल, तर या कलमाखाली गुन्हा होत नाही.