साप मेला का?

पहाटे साडेचारला गजर होतो. मी तो बंद करतो, पाय पलंगाखाली सोडतो आणि तसाच बसून राहतो. डोळे उघडे असतात, पण आतला माणूस अजून यायचा असतो. स्वयंपाकघरातून हाक येते, "अहो, चहा निवतोय!" हाक ऐकू येते, कळतेही, उठणे मात्र होत नाही. पेणहून रोह्याजवळच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीच्या नोकरीला जाणाऱ्याला ही अवस्था सांगायला नको. या आठवड्यात पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. झोपेने तरी कुणाच्या वेळापत्रकावर विश्वास ठेवावा?

या बधिरपणाला मी वर्षानुवर्षे आळस म्हणत आलो. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी प्रयोगशाळेत एका नमुन्याचे आकडे मी दुसऱ्याच नमुन्यापुढे लिहिले. शेजारच्या सहकाऱ्याच्या वेळीच लक्षात आले म्हणून निभावले. रसायनांच्या कामात असली चूक कुठवर गेली असती, या विचाराने त्या दिवशी डब्यातला घास घशाखाली उतरेना.

मग थोडे वाचले, चार जाणत्यांना विचारले. जाग आली म्हणजे सगळा मेंदू एकदम जागा होतो असे नाही. ठरवणारा, पारखणारा असा जो कपाळामागचा भाग, तो सर्वांत मागाहून सावरतो. याला झोपेचे जडत्व म्हणतात. बहुधा 15 ते 30 मिनिटांत ते ओसरते. पण झोप अपुरी असेल किंवा गाढ झोपेतून उठवले असेल, तर तासभरही रेंगाळते. चहा-कॉफीचा अंमल चढायलाही अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतोच. तेवढा वेळ नुसते बसून काढला तर कंपनीची बस काही थांबत नाही.

उपाय सुचवला तो रोह्याच्या माझ्या भाचीने. "मामा, उठल्यावर फोनवर एक डाव खेळून बघ. एकच." आणि तिने फोनवर साप आणून दिला. तोच तो, 1997 साली नोकियाच्या 6110 या फोनवर आलेला, तानेली अरमांतो या फिनलंडच्या अभियंत्याने रचलेला. ठिपका खायचा, लांब व्हायचे, स्वतःच्या शेपटीला तोंड लागले की मरायचे. माझा साप दोन मिनिटांपलीकडे जगत नाही.

पहिल्या दिवशी मला हसू आले. पन्नाशीच्या माणसाने पहाटे पलंगावर बसून साप खेळवायचा! पण डाव संपला तेव्हा मी उभा होतो, हे खरे. आंघोळ, डबा, बस, आठ तास उभ्याने काम हा सगळा डोंगर एकदम समोर आला की मन पाठ फिरवते. साप एवढेच विचारतो, डावीकडे की उजवीकडे? अंगठा हलतो, चूक तिथल्या तिथे कळते आणि काहीतरी सुरू होऊन संपलेले असते. खेळाने मेंदू लवकर जागा होतो, असा दावा मी करणार नाही. मी बसून राहत नाही, एवढेच. त्यानंतर तोंडावर गार पाणी आणि खिडकीतला उजेड. मोटारसायकलवरून कामाला जाणाऱ्यांनी मात्र डाव जिंकला म्हणजे शुद्ध आली, असे समजू नये. पहिला अर्धा तास किल्लीला हात न लावलेला बरा.

फसलोही. मुलाने रंगीत गोळ्या जुळवायचा दुसरा खेळ दाखवला. त्यात एक पायरी संपते न संपते तोच पुढची खुणावते. एका सकाळी बस गेली आणि मी अजून गोळ्याच जुळवत होतो. तेव्हा कळले, खेळ असा हवा की जो आपण होऊन संपेल. आमची आई सकाळी वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवून मगच भाजी चिरायला घेई, तिला हे न सांगता कळले होते.

आमच्या आळीत गणपतीचा कारखाना आहे. पेणला अशा कारखान्यांची वाण नाही. आषाढ-श्रावणात तिथे रात्र-रात्र दिवे असतात. डोळ्यांची आखणी करणारे वयस्क कारागीर तासभर पडून उठले की लगेच मूर्तीला हात लावत नाहीत. रद्दी कागदावर आधी दहा-बारा डोळे काढतात, कागद चुरगळून टाकतात आणि मग ब्रश घेऊन मूर्तीपुढे बसतात. मी त्यांना माझा साप दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो नीट पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे तुमचा हा रद्दी कागदच की."

अर्थात राहिलेली झोप कुठलाही खेळ भरून देत नाही. रात्रपाळीनंतर मी खिडकीला जाड पडदा लावून झोपतो, तो लावला नाही तर साप काय करणार? आणि कित्येक आठवडे कशातच मन लागत नसेल, तर फोन बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. आमच्या पाळीतल्या एकाचा आळस रक्ताच्या तपासणीत सापडला. हिमोग्लोबिन फार कमी होते.

या आठवड्यात पुन्हा पहिली पाळी आहे. घरातली हाकही आता बदलली आहे. "साप मेला का? मग या, चहा निवतोय."